मोकाट डुकरांचा पुन्हा पुन्हा होणारा उपद्रव : आधी डुक्कर कोणाचे ते ठरवा

तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या शेतांत आणि नव्या वसाहतींत डुकरांची तक्रार दरवर्षी उठते. नगरपालिका गाडी पाठवते, काही डुकरे पकडली जातात, काही आठवडे शांततेत जातात आणि मग एका सकाळी भुईमुगाच्या वाफ्यात पुन्हा नांगरट झालेली दिसते. पशुसंवर्धन खात्यातील नोकरीत आणि निवृत्तीनंतरही हा प्रश्न माझ्याकडे सतत येत राहिला आहे, आणि तक्रार परत येण्यामागे मला बहुतेक वेळा एकच कारण सापडले आहे: डुक्कर कोणाचे आहे हे न ठरवताच उपाय केलेला असतो.

गावठी डुक्कर आणि रानडुक्कर ही एकाच प्राणिजातीची दोन रूपे आहेत. माणसाने सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी रानडुकरालाच माणसाळवून पाळीव डुक्कर घडवले, आणि आजही या दोघांचा संकर सहज होतो व संकरातून जन्मलेली पिल्ले पुढे विण्यास समर्थ असतात. म्हणजे निसर्गाने यांच्यात पक्की भिंत घातलेली नाही. कायद्याने मात्र घातलेली आहे. मालकाचे डुक्कर हे पशुधन आहे आणि त्याने केलेल्या नुकसानीचे उत्तरदायित्व मालकाकडे जाते. रानडुक्कर हा संरक्षित वन्यप्राणी आहे आणि त्याचा विषय वनविभागाकडे जातो. हौसेने घरात वाढवलेले डुक्कर घरमालकाच्या जबाबदारीत राहते. तक्रार कोणाकडे करायची, भरपाई मिळेल की नाही, कोणते कुंपण उपयोगी पडेल आणि आपल्या हातून गुन्हा तर घडत नाही ना, हे सगळे या एका उत्तरावर अवलंबून असते. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात. पहिल्या तीन तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि बहुसंख्य तक्रारी तिथेच मिटतात.

लक्षणे

सर्वांत बोलके लक्षण म्हणजे उकरलेली जमीन. डुक्कर नाकाडाने माती ढकलत पुढे जाते, त्यामुळे वीतभर खोलीचे लांबट पट्टे पडतात आणि ढेकळे एका बाजूला उलटलेली दिसतात. घुशीचे काम असेल तर गोल बीळ आणि तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो. साळिंदर असेल तर अरुंद खड्डा, मुळांवर दातांच्या स्पष्ट खुणा आणि कधीकधी गळालेला काटा सापडतो. डुकरे मक्यात शिरली असतील तर ताटे आडवी पाडलेली असतात आणि कणसे अर्धवट चावून टाकलेली असतात. उसाच्या बुडाशी कांडी चघळून थुंकलेला चोथा दिसतो, पण कोल्हाही ऊस चघळतो, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

वसाहतीत कचऱ्याचे डबे उलथलेले असतात आणि बागेतील हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळली जाते. पिशव्या कुत्रीही फाडतात, परंतु हिरवळ उलटत नाहीत. गटाराच्या किंवा ओढ्याच्या कडेला लोळणीचे खड्डे तयार होतात आणि जवळच्या खांबांवर, भिंतींच्या कोपऱ्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर गुडघ्याच्या उंचीला चिखलाचा घासलेला पट्टा दिसतो. हा पट्टा किती उंच आहे यावरून जनावर केवढे आहे त्याचा अंदाज येतो. अशा खांबाला किंवा काटेरी तारेला राठ केस चिकटलेला सापडला, तर तो उन्हात धरून पाहावा. डुकराच्या राठ केसाच्या टोकाला बारीक फाटे फुटलेले असतात. कुत्र्याच्या किंवा शेळीच्या केसाला तसे नसते.

ओल्या मातीतील ठसाही पाहावा. दोन खुरांच्या मागे, किंचित बाहेरच्या बाजूला, दोन छोट्या नख्यांचे ठिपके उमटलेले असतील तर तो बहुधा डुकराचाच ठसा असतो. शेळी-मेंढीच्या ठशात हे ठिपके सहसा उमटत नाहीत.

पहिली तपासणी : वेळ, ठसे आणि देहयष्टी

काहीही विकत आणण्यापूर्वी काही रात्री केवळ नोंद ठेवावी. डुकरे ज्या फटीतून किंवा बांधाच्या ज्या खचलेल्या जागेतून आत येतात तिथे चाळलेली माती पसरून हलके पाणी मारावे आणि सकाळी ठसे कोणत्या दिशेने आले व कोणत्या दिशेला गेले ते पाहावे आणि त्यांची छायाचित्रे काढावीत. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण जनावर गावाकडून आले की डोंगराकडून, एवढे कळले तरी निम्मा प्रश्न सुटतो. पाटण, शाहूवाडी, भुदरगड यांसारख्या डोंगरी तालुक्यांत एकाच शिवारात दोन्ही बाजूंनी जनावरे येतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

गावठी डुकरे प्रामुख्याने पहाटे, सकाळी आणि संध्याकाळी फिरतात, भरदिवसाही दिसतात आणि माणसाला फारशी बुजत नाहीत. रानडुक्कर वस्तीजवळ आले तर बहुधा रात्रीच येते. परंतु कडक उन्हाळ्यात किंवा सतत हाकलली गेल्यावर गावठी डुकरेही रात्री फिरू लागतात, म्हणून केवळ वेळेवर भरवसा ठेवू नये. विष्ठा पाहणे अधिक उपयोगी ठरते. तिच्यात प्लास्टिकचे तुकडे, शिजवलेल्या अन्नाचे किंवा कापडाचे अवशेष असतील तर ते जनावर कचऱ्यावर जगणारे आहे.

लांबून दिसलेच तर पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. रानडुकराचा भार खांद्यांवर असतो, मागचा भाग तुलनेने निमुळता असतो, नाकाड लांब व सरळ असते आणि मानेपासून पाठीवर उभ्या राठ केसांची आयाळ असते. गावठी डुकराचे पोट सुटलेले असते आणि तोंड आखूड असते. शेपटीवरून ओळख पटते असे पुष्कळ जण सांगतात. परंतु आपल्याकडच्या काळ्या गावठी डुकरांची शेपटी अनेकदा सरळच असते, तेव्हा ती खूण कच्ची समजावी. पिल्लांची खूण पक्की असते. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर तपकिरी रंगात फिकट लांब पट्टे असतात आणि काही महिन्यांनी ते नाहीसे होतात.

गावठी डुकरिणीच्या मागे पट्टेदार पिल्ले दिसली, तर तिचा रानडुकराशी संबंध आल्याची शक्यता मोठी असते. डोंगराच्या कडेला असलेल्या वस्त्यांत हे घडते, आणि अशा कळपाबद्दल स्वतः निवाडा करू नये. छायाचित्र काढून वनरक्षकाला दाखवावे.

दुसरी तपासणी : त्यांना इथे कोण जेवू घालते आहे

डुक्कर आपल्या शेतावर रागावून येत नाही. त्याला अन्न मिळते म्हणून येते आणि मिळत राहिले तर परत येते. म्हणून शेताच्या किंवा वसाहतीच्या चारही बाजूंना साधारण अर्ध्या किलोमीटरपर्यंत चालत जाऊन अन्नाची ठिकाणे शोधावीत. मंगल कार्यालयाच्या मागे टाकलेले उष्टे, खाणावळीचे खरकटे, चिकन दुकानाची पिसे व आतडी, कुक्कुटपालन शेडबाहेर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, आठवडी बाजारानंतर पडलेली सडकी भाजी आणि उघड्यावरील शौच, ही नेहमीची ठिकाणे होत.

यांतील शेवटच्या ठिकाणाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ज्या माणसाच्या आतड्यात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी असतो, त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती डुकराने खाल्ली की त्याच्या स्नायूंत गाठी होतात, आणि असे मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या पोटात पुन्हा पट्टकृमी वाढतो. हीच अंडी अस्वच्छ हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून थेट माणसाच्या पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊ शकतात आणि फिट येऊ लागतात. मांसाला कधी न शिवणाऱ्या घरातही हा आजार होतो तो यामुळेच. तेव्हा शौचालयाचा वापर आणि डुकरांचा बंदोबस्त हे एकाच कामाचे दोन भाग आहेत.

अन्नाची जागा बंद केल्याशिवाय डुकरे पकडून नेण्यात काहीच हशील नाही, असे माझे ठाम मत आहे. डुकरिणीचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो, ती वर्षातून दोनदा विऊ शकते आणि एका वेतात सात-आठ पिल्ले देणे तिला सहज शक्य असते. गाडीतून नेलेल्या डुकरांची जागा उरलेल्या दोन डुकरिणी वर्षाच्या आत भरून काढतात, कारण खाणे तेवढेच आणि खाणारे कमी, अशी त्यांची सोय आपणच करून दिलेली असते. झाकणाचा डबा, वेळेवर उचललेला कचरा आणि मेलेल्या कोंबड्यांसाठी चुना टाकून पुरण्याचा खोल खड्डा, एवढ्या उपायांनी पुष्कळ ठिकाणी डुकरांची वाट बदललेली मी पाहिली आहे.

तिसरी तपासणी : मालक शोधणे

गावात फिरणारे डुक्कर मोकाट असते, पण बेवारस क्वचितच असते. ही गोष्ट नव्या वसाहतीतील लोकांना ठाऊक नसते, आणि तक्रार बिघडते ती इथेच. महाराष्ट्रात डुकरे पाळणारी अनेक कुटुंबे भटक्या-विमुक्त समाजांतील आहेत. त्यांच्याकडे जमीन नाही, गोठा बांधण्यापुरती जागा नाही आणि खुराक विकत घेण्याची ऐपत नाही. म्हणून डुकरे दिवसा सोडायची आणि ती स्वतःचे पोट भरून येतील असे पाहायचे, ही त्यांची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, शाळेचे शुल्क अशा वेळी विकायला काढलेले एक डुक्कर हाच त्यांचा आधार असतो. गोव्यातही घरामागे मोकळी फिरणारी डुकरे हा ग्रामजीवनाचा जुना भाग आहे, आणि तेथील ‘अगोंदा गोवन’ ही गावठी डुकराची जात राष्ट्रीय पातळीवर अधिकृतपणे नोंदवली गेली आहे. या जनावराला केवळ घाण समजणाऱ्याला त्याच्या मालकाशी नीट बोलता येत नाही.

मालक ओळखायला कान पाहावा. कानाच्या कडेला त्रिकोणी खाच, टोक सरळ कापलेले, एका कानाला दोन चिरा, अशी प्रत्येक कुटुंबाची खूण ठरलेली असते आणि पिल्लू लहान असतानाच ती केली जाते. गावातील दुसरा डुक्करपाळ त्या खुणेवरून मालकाचे नाव लगेच सांगतो. खूण दिसली नाही तर संध्याकाळी कळपाच्या मागोमाग अंतर राखून जावे. मालकाने हाळी दिली किंवा डबा वाजवला की जनावरे ज्या अंगणाकडे वळतात, ते घर मालकाचे.

मालकाकडे जाताना चारचौघांचा जमाव नेऊ नये आणि पोलिसांची भाषा करू नये. सरपंच, नगरसेवक किंवा दोन्हीकडच्या ओळखीचा एखादा ज्येष्ठ माणूस सोबत असावा. नुकसानीची छायाचित्रे दाखवावीत आणि मागणी नेमकी ठेवावी: पेरणीपासून उगवण होईपर्यंत आणि पुढे दाणे भरल्यापासून काढणीपर्यंत जनावरे बांधून किंवा कोंडून ठेवावीत. बाराही महिने बांधून ठेवण्याची मागणी सहसा पाळली जात नाही, कारण तेवढा खुराक त्या घरात नसतो. हंगामापुरती मागणी पाळली जाते. भुईमूग किंवा मक्याच्या काढणीनंतर शेतात उरलेले वेचायला त्याच मालकाला डुकरे सोडू द्यावीत, असा उलटा करारही काही शेतकऱ्यांनी केला आहे आणि तो चांगला टिकतो. डुकरे मातीत राहिलेल्या शेंगा व हुमणी शोधून खातात, मालकाचा खुराक वाचतो आणि त्याला आपल्या पिकाची काळजी घेण्यात स्वतःचे हित दिसू लागते.

चौथी तपासणी : वाट आणि आडोसा

ओढ्याच्या काठची वेडी बाभूळ, टणटणीचे जाळे आणि शेताच्या कडेला साचणारे सांडपाणी पाहावे. डुकराला अंग गार करण्यासाठी चिखल लागतोच, कारण त्याला माणसासारखा घाम येत नाही. सांडपाण्याला वाट काढून दिली आणि बांधालगतचा काही फुटांचा पट्टा साफ ठेवला, की दिवसा दबा धरून बसण्याची जागा नाहीशी होते.

पूर्व विदर्भातील भातपट्ट्यात या तपासणीला अधिक वजन आहे. तेथे जपानी मेंदूज्वराचे रुग्ण आढळतात, त्याचा विषाणू डुकराच्या रक्तात झपाट्याने वाढतो आणि साचलेल्या पाण्यातील क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतो. तेथे डुकरांचे खोपटे निजण्याच्या घरापासून जितके दूर असेल तितके चांगले.

पाचवी तपासणी : कुंपण

येथून पुढे पैसा लागतो. साड्या बांधणे, रंगीत पट्ट्या, माणसाचे केस पसरणे, फटाके आणि भोंगे हे उपाय काही रात्री चालतात आणि मग जनावराला सवय होते. पीक काढणीला आठवडाच उरला असेल तर ते जरूर करावेत, एरवी त्यांत श्रम घालवू नयेत.

टिकाऊ उपाय म्हणजे सौरऊर्जेवरचे झटका मशीन. पण ते बसवूनही डुकरे येतात अशी तक्रार मी फार ऐकतो, आणि दोष बहुधा पुढील चार ठिकाणी असतो.

पहिले ठिकाण म्हणजे तारेची उंची. गुरांच्या हिशेबाने लावलेल्या तारेखालून डुक्कर सहज जाते. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर आणि दुसरी साधारण हातभर उंचीवर हवी. डुक्कर नवी वस्तू नाकाडाने हुंगते, आणि ओल्या नाकाडाला झटका बसला तरच ते मागे फिरते. डोके तारेपलीकडे गेल्यावर मानेला झटका बसला, तर ते मागे न येता पुढे मुसंडी मारते आणि तार तोडून आत शिरते. ही एक गोष्ट समजली की कुंपणाचे पुष्कळ प्रश्न सुटतात.

दुसरे ठिकाण गवत. पावसाळ्यात खालच्या तारेला गवत टेकले की विजेचा दाब जमिनीत उतरत राहतो. तपासणी-यंत्र शेवटच्या खांबापाशी लावून पाहावे. तेथे पाच हजार व्होल्टच्या आसपास दाब मिळाला तर कुंपण चांगले, आणि तो तीन हजारांच्या खाली गेला तर राठ केसांच्या जनावराला त्याची फारशी फिकीर वाटत नाही.

तिसरे ठिकाण अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की झटक्याचे मंडळ पूर्ण होत नाही आणि मशीनचा दिवा लुकलुकत असूनही तार निर्जीव राहते. अर्थिंगच्या एकापेक्षा अधिक जस्तलेपित सळया अंतरा-अंतराने खोल ठोकाव्यात आणि त्यांच्या बुडाशी पाणी घालत राहावे. चौथे ठिकाण बॅटरी व पॅनेल: पॅनेलवरील धूळ पुसणे आणि बॅटरीतील पाण्याची पातळी पाहणे, इतकेच. जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणासाठी शासकीय योजनेतून अनुदान मिळते. त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

घरातील किंवा पाण्याच्या मोटारीची वीज थेट तारेत सोडणे हा उपाय नाही, तो मनुष्यवधाचा सापळा आहे. झटका मशीनमधून साधारण दर सेकंदाला एक क्षणिक ठोका येतो आणि जनावर किंवा माणूस सुटू शकतो; थेट विजेची तार धरलेला हात सुटत नाही. अशा तारांवर पहाटे पाणी धरायला गेलेले शेतकरी, त्यांची मुले आणि शेजारी मेल्याच्या बातम्या राज्यात दरवर्षी येतात. आपल्या शिवारात कोणी अशी तार टाकली असेल तर शेजारधर्म बाजूला ठेवून वीज कंपनीला त्वरित कळवावे.

सहावी तपासणी : लेखी तक्रार आणि कोंडवाडा

मालक सापडला, दोन-तीन वेळा बोलणे झाले आणि तरीही तो ऐकत नसेल, तर कायद्याकडे वळावे. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा कायदा डुकरांनाही लागू होतो. त्यानुसार शेतात शिरून नुकसान करणारी जनावरे शेतकऱ्याला ताब्यात घेता येतात आणि ती २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावी लागतात. डुकरांनी जमीन, पीक किंवा सार्वजनिक रस्ता बिघडवला तर मालकाला दंड करण्यासाठी या कायद्यात कलम २६ हे स्वतंत्र कलमच आहे. मूळ कायद्यातील तो दंड दहा रुपयांपर्यंतचा असल्यामुळे त्याचा धाक वाटत नाही, हे मान्य. पण लेखी नोंद होते, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती नोंद उपयोगी पडते.

महानगरपालिका हद्दीत आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुकरे पाळता येत नाहीत आणि मोकाट डुकरांबाबत कारवाईचे अधिकार महापालिकेला आहेत. हे अधिकार महापालिकेचे आहेत, नागरिकाचे नाहीत. कोणी स्वतः विष घातले, जनावर जायबंदी केले किंवा मारले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली तो स्वतः आरोपी ठरतो. तक्रारीत डुकरांची संख्या, येण्याची वेळ, अन्नाची ठिकाणे आणि मालकाशी झालेले बोलणे लिहावे, आणि केवळ डुकरे पकडण्याची मागणी न करता कचऱ्याची ठिकाणे बंद करण्याचीही मागणी करावी.

शहरांत अलीकडे हौसेने आणलेल्या छोट्या डुकरांची भर पडली आहे. ती कायम लहान राहतील असे सांगून पिल्ले विकली जातात, परंतु लहान जातींची डुकरेही पूर्ण वाढीत पन्नास किलोंच्या वर जाऊ शकतात आणि मग काही जण त्यांना शहराबाहेर सोडून देतात. कळपापासून वेगळे, माणसाजवळ येऊन अन्न मागणारे, गुटगुटीत डुक्कर दिसले तर हा संशय घ्यावा आणि प्राणिकल्याण संस्थेला कळवावे. ते रानात तग धरत नाही, आणि गावठी कळपही त्याला सामावून घेईलच असे नाही.

येथे थांबावे आणि तज्ज्ञांना बोलवावे

तीन-चार डुकरे एकापाठोपाठ मरत असतील, त्यांना कडक ताप असेल, कानांवर व पोटाच्या कातडीवर लालसर-जांभळे डाग असतील, तर कुंपण, मालक, तक्रार सर्व बाजूला ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. ही लक्षणे आफ्रिकन स्वाइन फीव्हरची असू शकतात. हा आजार भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. त्यावर औषध नाही, आणि आपल्याकडे त्याची लसही वापरात नाही. माणसाला तो होत नाही, पण खरकटे, बूट, वाहनाची चाके आणि मांस यांतून तो गावोगाव जातो. मेलेले डुक्कर ओढ्यात टाकू नये, विकू नये आणि कापू नये. साध्या स्वाइन फीव्हरवर लस उपलब्ध असल्यामुळे दोन्हींतील फरक ठरवणे फार गरजेचे असते, आणि तो प्रयोगशाळेतच ठरतो.

पिल्लांसह असलेली डुकरीण, जखमी नर किंवा विहिरीत पडलेले रानडुक्कर यांच्या जवळ जाऊ नये. सुळ्याचा घाव मांडीवर खोल बसतो आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि बघ्यांची गर्दी व कुत्री दूर ठेवावीत. कोणत्याही डुकराने चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवावे. धनुर्वात व रेबीज या दोन्हींच्या लशींचा निर्णय तेथील डॉक्टर घेतील. शेतात पिठाच्या गोळ्यात गुंडाळलेला गावठी बॉम्ब दिसला तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे, कारण रानडुकरासाठी ठेवलेल्या अशा गोळ्यांनी गाईंचे जबडे फुटतात.

आणि जनावर रानडुक्कर आहे हे ठरले, तर आपली स्वतःची कारवाई तेथेच संपते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ते दुसऱ्या अनुसूचीत आले. पिकाचे सतत नुकसान करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, परंतु त्या परवानगीशिवाय फासा, बंदूक किंवा विष वापरणे हा गुन्हा आहे. भरपाईसाठी शक्यतो त्याच दिवशी, आणि उशिरात उशिरा तीन दिवसांच्या आत, वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत आडवे पडलेले पीक उचलू नये व उकरलेली जमीन सपाट करू नये. पहिल्या तपासणीत काढलेली ठशांची छायाचित्रे, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून मोजमाप दिसेल अशी, अर्जाला जोडावीत, सातबारा उतारा द्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.